फर्न वाटेत आहे, बाईसाहेब

३ मार्च १९९७, सोमवार

नवी वही, नवा माणूस. वॉटरबेडचं दुकान बंद पडलं ते माझ्यामुळे नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. अमेरिकेनं अचानक पाण्यावर झोपणं सोडलं, त्याला वेंडेल स्टकी काय करणार? शेवटचा बेड खपला नाही, तो घरी आणला. त्यावर मार्लिस आणि मी झोपतो. मी कूस बदलली की ती उसळून काठाला जाते. ती दुसरीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे तिला संयमाची सवय आहे.

संकल्प: पहाटे सहाला उठणे. डोनट बंद. मार्लिसशी खोटं न बोलणे. (सगळं सांगितलंच पाहिजे असं मात्र नाही.)

तिचा भाऊ लॉनी आमच्या गॅरेजमध्ये राहतो. कॉम्प्युटरमधलं त्याला कळतं, बाकी कशातलं कळत नाही. काल त्यानं मला इंटरनेट दाखवलं. म्हणाला, वेंडेल, लोक यावर उघड्या बायकांचे फोटो बघायला दर महिन्याला पैसे देतील. मी म्हटलं, छे, लाज आहे का तुला! मग तासभर विचार केला. मग विचारलं, किती?

सहाला उठायचं होतं, साडेनऊला उठलो. पण उठल्या उठल्या लिहायला बसलो.

६ मार्च, गुरुवार

असले फोटो सगळे आमच्या या व्हॅलीतच निघतात. चॅट्सवर्थला जाऊन एका माणसाकडून फोटोंच्या सीडी आणल्या. फोटो काढणं, काढवून घेणं, त्या बायका, यांच्याशी आपला संबंध नाही. आपण मधले. आपला धंदा माहितीचा.

मी फोटो पाहिलेले नाहीत. म्हणजे खांद्यांपर्यंत पाहिले आहेत. लॉनीच्या मोडेमवर फोटो वरून खाली सावकाश उतरतो, चार मिनिटं लागतात. केस आले, कपाळ आलं, हनुवटी आली. गळा आला तसा मी उठून पाणी प्यायला गेलो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

(परत आलो तेव्हा फोटो पूर्ण झाला होता. त्याला माझा इलाज नाही.)

११ मार्च, मंगळवार

टाय लावून बँकेत गेलो. कार्डावर पैसे घ्यायचे तर बँकेत खातं लागतं, आणि या धंद्याचं नाव काढलं की बँका तोंड फिरवतात. अर्ज घेणाऱ्या बाई मिसेस टिबेट. गोल चष्मा, प्रेमळ. त्यांनी विचारलं, इंटरनेटवर काय विकणार, मिस्टर स्टकी? त्यांच्या टेबलावर कुंडी होती, हिरव्या झालरी खाली लोंबत असलेली. मी म्हटलं, हे.

त्या म्हणाल्या, फर्न? मी म्हटलं, फर्न. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटरवरून? मी म्हटलं, बाई, पुढचं शतक फर्नचंच आहे.

खातं मंजूर. नाव: ग्लेनवुड फर्न गार्डन. शिवाय यातली खुबी अशी की गिऱ्हाइकाच्या घरी महिन्याचं कार्डाचं बिल जाईल तेव्हा त्यावर हेच नाव छापून येणार. बायकोनं बिल फोडलं तरी तिला दिसणार फर्न! लॉनी म्हणाला, वेंडेल, तुझं डोकं म्हणजे डोकं आहे. मी म्हटलं, असं काही नाही. पण पटलं.

१९ मार्च, बुधवार

भांडवलाचा प्रश्न सुटला. मिस्टर बीझली म्हणून वयस्कर गृहस्थ आहेत, व्हॅन नाइजला त्यांचा बिंगो हॉल आहे. अंगात लोकरी कार्डिगन, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. बोलणं इतकं हळू की पुढं वाकून ऐकावं लागतं. बरोबर टूमी नावाचा ड्रायव्हर. तो इतका रुंद की दारातून तिरका होऊन आत येतो.

अर्धी भागीदारी त्यांना. हात मिळवताना बीझलीसाहेबांनी विचारलं, मिस्टर स्टकी, गुडघे कसे आहेत तुमचे? मी म्हटलं, डावा जरा कुरकुरतो. ते म्हणाले, जपा हो. गुडघे फार नाजूक. माझ्या आधीच्या भागीदाराला जपता आले नाहीत.

किती आपुलकी! आजकाल धंद्यात कोण कुणाच्या तब्येतीची चौकशी करतं?

७ एप्रिल, सोमवार

साइट चालू झाली. पहिला सभासद नेब्रास्काचा. लॉनी आणि मी एकमेकांना मिठ्या मारल्या. डोनटचा संकल्प आजच्यापुरता स्थगित. लॉनीनं चार खाल्ले. मी पण चार, पण माझे लहान होते.

२९ एप्रिल, मंगळवार

सभासद वाढतायत. आयोवा, ओहायो, दोन्ही डकोटा. थंडी असते तिथं माणसांना करमत नाही.

मार्लिसनं जेवताना विचारलं, तुम्ही दोघं गॅरेजमध्ये करता तरी काय? मी म्हटलं, झाडांचं आहे काहीतरी, कॉम्प्युटरवर. ती म्हणाली, झाडांचं? वेंडेल, आपल्या अंगणातलं लिंबाचं झाड कसं आहे, सांग बरं. मी म्हटलं, छान आहे. ती म्हणाली, ते तीन वर्षांपूर्वी मेलं.

खोटं मी बोललो नाही. माहिती जुनी होती.

१२ मे, सोमवार

जरा गडबड. बँकेतून मिसेस टिबेटचा फोन. म्हणाल्या, मिस्टर स्टकी, तुमची बरीच गिऱ्हाइकं म्हणतायत की आम्ही फर्न मागवलंच नाही, पैसे परत करा. असं वाढत गेलं तर खातं बंद करावं लागेल.

लॉनीनं उलगडा केला. बिल येतं. बायको म्हणते, हे कसलं फर्न? घरात तर एक पान नाही. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. तो म्हणतो, बँकेची चूक असणार गं. आणि तिच्यासमोर बँकेला फोन करून आमचे पैसे बुडवतो. काय पुरुष आहेत! बायकोला सरळ सामोरं जायची हिंमत नाही. मला अशा माणसांची कीव येते.

संध्याकाळी बीझलीसाहेब आले. या वेळी दोन्ही गुडघ्यांची चौकशी केली.

१५ मे, गुरुवार

दुपारी फोन. बिलावर आमचा नंबर छापावा लागतो, तो कुणीतरी लावेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मिनेसोटातल्या डलूथहून मिसेस गुंडरसन बोलत होत्या. म्हणाल्या, बिलावर तुमचं नाव दिसलं म्हणून नवऱ्याला विचारलं. तो लाल झाला आणि म्हणाला, तुझ्यासाठी फर्न मागवलंय, तुला चकित करायचं होतं. मग ते आलं कसं नाही?

माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं: फर्न वाटेत आहे, बाईसाहेब.

फोन ठेवला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गुंडरसन हा माणूस हिरा आहे! लॉनीला सांगून साइटवर सभासदांसाठी सूचना टाकली: घरी विचारणा झाल्यास फर्न मागवल्याचे सांगावे. फर्न आम्ही पाठवू.

सुपरमार्केटमधून कुंडी आणली, बुटांच्या खोक्यात बसवली, डलूथला रवाना केली. खोक्याचं झाकण लावायला जरा बसावं लागलं त्यावर.

३० मे, शुक्रवार

तक्रारी जवळजवळ थांबल्या. रोज फर्नची पाच-सहा पार्सलं जातात. पोस्टातला माणूस मला नावानं हाक मारतो.

आज मिसेस गुंडरसनचा पुन्हा फोन. बाई रडत होत्या, पण आनंदानं. म्हणाल्या, मिस्टर स्टकी, लग्न झाल्यापासून या माणसानं मला स्वतःहून काही आणलं नव्हतं. फर्न स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंय. तो रोज त्याच्याकडे बघतो आणि मान खाली घालतो. इतका हळवा असेल असं वाटलं नव्हतं.

लोक काय म्हणायचं ते म्हणोत, आपण संसार सावरतो आहोत.

९ जून, सोमवार

मार्लिस गॅरेजमध्ये आली. न सांगता. पाचावर धारण बसली. लॉनीनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपला शर्ट टाकला आणि उघडा उभा राहिला.

पण तिचं लक्षच नव्हतं तिकडं. जमिनीवर पन्नासेक कुंड्या मांडलेल्या, त्यांच्याकडे बघत होती. म्हणाली, हे खरंच झाडांचं आहे? मी म्हटलं, फर्न आहेत. लोक मागवतात, आपण पाठवतो. (यात एक शब्द खोटा नाही.) तिनं वाकून एका झालरीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, मला वाटलं होतं, तू पुन्हा कुठंतरी तोंड काळं करणार. मला माफ कर, वेंडेल.

दुकान बुडाल्यापासून, किंबहुना त्याच्या आधीपासून, तिनं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. वर्गातल्या एखाद्या ढ मुलाला बेरीज आली की ती जशी बघत असेल तसं. मला काय झालं ते सांगता येत नाही. ते बघणं आता घालवायचं नाही. धंदा राहो, जावो, ते घालवायचं नाही.

रविवारी तिला सगळं नीट समजावून सांगायचं. ठरलं.

१५ जून, रविवार

आज फादर्स डे. आम्हाला मुलं नाहीत, पण सणासुदीला असले विषय काढू नयेत. पुढच्या रविवारी.

२७ जून, शुक्रवार

शाळेला सुट्टी लागली आणि मार्लिस गॅरेजमध्ये आली ती आलीच. म्हणाली, कुंड्या सुपरमार्केटमधून आणता? अक्कल कुठं ठेवलीत? घाऊक नर्सरीत गेली, निम्म्या भावात फर्न आणली. लायब्ररीतून पुस्तकं आणली. छपरावर हिरवी जाळी ताणली. माझ्या पाणी घालण्यात एकूण नऊ चुका काढल्या.

फोनही तीच घेते. लॉनी आणि मी कॉम्प्युटर स्वयंपाकघरामागच्या कोठीत हलवला, टोमॅटोच्या डब्यांमागं. लॉनी म्हणाला, वेंडेल, सांगून टाक रे तिला, माझी बहीण आहे ती, मी ओळखतो, उशीर केलास तर मेलास. मी म्हटलं, योग्य वेळ नावाची गोष्ट असते. त्यानं विचारलं, कधी असते ती?

उर्मट आहे. भाडं न देणाऱ्या माणसानं इतकं बोलू नये.

२ जुलै, बुधवार

बीझलीसाहेब आले. मार्लिसनं त्यांना लिंबू सरबत दिलं आणि फर्न दाखवली. ते टोपी काढून ऐकत होते. जाताना म्हणाले, मिसेस स्टकी, तुमच्या यजमानांचे गुडघे कसे आहेत? मार्लिस म्हणाली, सकाळी उठताना करकरतात, बाकी काही कामाचे नाहीत. टूमी हसला. त्याला हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

एक फर्न बीझलीसाहेब बिंगो हॉलसाठी घेऊन गेले. टूमीनं ते मांडीवर धरलं होतं.

१८ जुलै, शुक्रवार

अनर्थ. मार्लिसनं शाळेचा राजीनामा दिला.

जेवताना सांगितलं, मटार वाढता वाढता. म्हणाली, मी खूप विचार केला. तुझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. ठेवायचं ठरवलं. मी म्हटलं, अगं, पण शाळा, पेन्शन, ती लहान लहान मुलं! ती म्हणाली, शाळेच्या उन्हाळी वर्गातल्या मुलांना सांगितलं मी, मिस्टर स्टकी आणि मी झाडं वाढवणार आहोत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच क्षणी सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. पण तोंडात मटार होते.

रविवारी नक्की.

२० जुलै, रविवार

फार उकडतंय. अशा हवेत कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. हवा उतरली की.

१४ ऑगस्ट, गुरुवार. लास वेगास

इंटरनेट व्यावसायिकांचं मोठं संमेलन. लॉनीला घेऊन तीन दिवसांसाठी आलोय. मार्लिसला सांगितलं, बागकामवाल्यांचं आहे. (लॉबीत एक ताडाचं झाड आहे.) छातीवर नावाचा बिल्ला: वेंडेल स्टकी, अध्यक्ष. कॉफीच्या रांगेत एकानं माझं मत विचारलं. म्हणजे दूध की साखर, एवढंच, पण लक्ष देऊन विचारलं.

भाषणं ऐकून एक दिशा स्पष्ट झाली. फोटोंचा धंदा हळूहळू सोडायचा आणि फक्त फर्न ठेवायची. मग मार्लिसला सांगण्यासारखं काही उरणारच नाही! प्रश्न मुळातूनच सुटतो. इतके दिवस हे सुचलं कसं नाही? घरी गेलो की कामाला लागायचं.

१७ ऑगस्ट, रविवार

परत आलो. गॅरेज रिकामं. एक कुंडी नाही.

मला वाटलं चोरी झाली. मार्लिस घामाघूम, केस विस्कटलेले, पण चेहरा असा फुललेला. म्हणाली, वेंडेल, तुला ओरडणार होते, पण आता नाही ओरडत. तू नसताना मिसेस टिबेटचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, दर महिन्याला पैसे भरणारी तुमची आठशेच्या वर गिऱ्हाइकं आहेत, छान चाललंय. आठशे! आणि पार्सलं जातात कितींना? जे फोन करतात तेवढ्यांनाच! बाकीची बिचारी एप्रिलपासून पैसे भरतायत आणि एकानं तोंडातून ब्र काढला नाही. इतकी सज्जन माणसं मी पाहिली नाहीत. लाज वाटली मला.

म्हणून तिनं बँकेकडून सगळ्यांचे पत्ते मागवले, नर्सरीतून ट्रक बोलावला, चर्चमधल्या बायका मदतीला घेतल्या आणि आठशे घरी फर्न पाठवली. प्रत्येकात स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्ड. उशिराबद्दल क्षमा असावी. आपण आमचे नियमित सभासद आहात, आम्ही आपले ऋणी आहोत. मार्लिस आणि वेंडेल स्टकी.

लॉनी मटकन खाली बसला. मी म्हटलं, छान केलंस. दुसरं काय म्हणणार?

आठशे घरं. आजवर ज्यांच्या बायकांना कसलाच संशय आला नव्हता अशी आठशे घरं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

फोन सतत वाजतोय. मार्लिस तो घेते आणि मी शेजारी उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बघतो. आतापर्यंत बऱ्याच बायका आभारच मानतायत. एकीनं विचारलं, माझ्या नवऱ्याला कुंडीतलं प्लॅस्टिकचं फूलसुद्धा जगवता येत नाही, तो दर महिन्याला कसल्या फर्नचे पैसे भरतो? मार्लिस म्हणाली, माणसं बदलतात हो.

आज लॉनीनं मला बीझलीसाहेब गुडघ्यांबद्दल नेमकं काय बोलत होते ते समजावून सांगितलं. आधीच्या भागीदाराचं काय झालं तेही. मला खरं वाटत नाही. इतका सभ्य माणूस. तरी दुपारी खेळाच्या दुकानातून स्केटिंगवाली मुलं बांधतात ते गुडघ्यांचे पट्टे आणले. पॅंटच्या आत दिसत नाहीत. बसताना मात्र आवाज होतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काही विशेष घडलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काल घडलं ते असं.

टल्सा गावाहून कुणा मिसेस ओडमचा फोन आला. त्या बाईनं आभार वगैरे मानले नाहीत. फर्न आलं तसं तिनं नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि सगळं बाहेर येईपर्यंत उठू दिलं नाही. मग फोन करून मार्लिसला साइटचा पत्ता वाचून दाखवला. मार्लिस म्हणाली, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, बाई, माझा नवरा असा नाही.

हे ती म्हणत होती तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तिनं माझ्याकडे बघितलं. मी कुंडीकडे बघितलं.

मग ती कोठीत गेली आणि लॉनीला म्हणाली, दाखव. लॉनीला कणा नाहीच, त्यानं दाखवलं. फोटो उतरायला चार मिनिटं लागली. ती चारही मिनिटं ती टोमॅटोच्या डब्यांपाशी उभी होती. केस, कपाळ, हनुवटी. पाणी प्यायला वगैरे गेली नाही.

आरडाओरडा झाला नाही. मी सगळं समजावून सांगितलं: आपण फक्त मधले, धंदा माहितीचा, गुंडरसन पतिपत्नीचं उदाहरण दिलं, धंद्याची नवी दिशाही सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, उघड्या बायकांचं मला काही नाही, वेंडेल. व्हॅलीत जन्म गेला माझा, मला काय माहीत नाही? मार्चमध्ये सांगितलं असतंस तर मी भांडले असते, आठवडाभर बोलले नसते आणि पुन्हा शाळेत गेले असते. पण मी तुला माफ कर म्हटलं. त्या गॅरेजमध्ये उभी राहून मी तुझी माफी मागितली, आणि तू ती घेतलीस.

यावर माझ्याकडे उत्तर होतं. आता आठवत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

मार्लिस ऑरेगॉनला गेली, युजीन गावी. तिच्या मावशीची तिथं जागा आहे, काचेची जुनी हरितगृहं आहेत. फर्नसाठी हवा उत्तम. थोडक्यात, आपली शाखा निघते आहे. शाखा काढायची म्हणजे घरातल्याच कुणीतरी जाऊन बसायला हवं.

जाताना तिनं नर्सरीतून आणलेली नवी फर्न नेली, पुस्तकं, हिवाळ्याचे कोट, कुत्रा, आणि तिच्या आईची काचेची भांडी. ऑफिस म्हटलं की चार माणसं येणार-जाणार, भांडी लागतातच. लॉनीला पण नेलं. तो निघताना म्हणाला, वेंडेल, तुला कळतंय ना? मी म्हटलं, मुख्य कचेरी कुणीतरी सांभाळायला हवी की नाही?

वॉटरबेडवर एकटा झोपलो तर तो हलतच नाही. फार शांत झोप लागायला हवी खरं तर.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बँकेनं खातं बंद केलं. मिसेस टिबेट म्हणाल्या, मिस्टर स्टकी, माझ्या टेबलावरच्या झाडाकडे बघून तुम्ही मला हे सांगितलंत? पोलिसांत जाणार नाही म्हणाल्या, कारण अर्जावर सही त्यांची होती.

दुपारी बीझलीसाहेब आणि टूमी आले. मी पट्टे बांधून बसलो होतो, त्यावर दोन उशा. म्हटलं, साहेब, सगळं माझ्या अंगाशी आलंय, पण नवी दिशा ठरली आहे. बीझलीसाहेबांनी पेपरमिंट तोंडात टाकली आणि म्हणाले, मिस्टर स्टकी, उशा काढा. तुमची बायको ऑरेगॉनला जाण्याआधी बिंगो हॉलवर आली होती. सरळ माझ्या टेबलाशी आली. टूमीला म्हणाली, बाजूला हो. टूमी झाला. तिनं माझ्याशी करार केला. माझं भांडवल तिच्या फर्नमध्ये, भागीदारी आता तिच्याशी. आणि बदल्यात तिनं एकच गोष्ट मागितली.

मी विचारलं, कोणती?

ते म्हणाले, तुमचे गुडघे.

मग म्हणाले, बाई कडक आहे. मी तिला सांगितलं, इतकं चांगलं काम हातात असताना असल्या माणसासाठी कशाला काही खर्ची घालता? तर म्हणाली, त्याला पळता येत नाही, बीझलीसाहेब, निदान चालता तरी येऊ दे.

ते गेल्यावर पट्टे सोडले. बराच वेळ गुडघ्यांकडे बघत बसलो. दोन्ही जागच्या जागी आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

युजीनला फोन केला. भाषण तयार होतं, कागदावर लिहून. मार्लिसनं फोन घेतला. मी कागद हरवला, हातातच होता तरी. म्हटलं, मी येऊ का? ती म्हणाली, नाताळच्या ऑर्डरी आहेत. पॅकिंगला माणूस हवाय, तासावर. राहायची सोय तुझी तू बघ. लॉनी सांगेल ते काम करायचं.

बोलणी सकारात्मक झाली. पद अजून नक्की नाही, पण संचालक (पॅकिंग) असं काहीतरी असावं. उद्यापासून सहाला उठणे.

२४ नोव्हेंबर, सोमवार. युजीन

पहिला दिवस. सहाला उठलो. खरंच उठलो. मोटेलच्या खोलीत उशिरापर्यंत पडून राहावंसं वाटत नाही.

हरितगृहं तीन आहेत. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते. इतकी फर्न मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि सगळी ताजी, तरतरीत. भिंतीवर पत्रं लावलीत, बायकांची, गावोगावहून. मिसेस गुंडरसननी सात मागवली आहेत. लॉनीनं मला टेबल दाखवलं, खोकी दाखवली, खोक्यावर बसायचं नाही म्हणून सांगितलं. मार्लिस लांबून हात हलवून गेली. केस कापलेत तिनं. छान दिसतात.

दुपारच्या जेवणाला सगळे एका लांब टेबलावर बसतात. माझ्यासमोर ओपल म्हणून एक जाडजूड बाई होती, पाणी घालायचं काम करते. मार्लिस येऊन बसली तशी ओपल माझ्याकडे मान उडवून म्हणाली, हा कोण गं नवीन?

मी सॅंडविच खाली ठेवलं. हात पुसला. मार्लिसनं सांगितलं की उठून नीट हात मिळवायचा, असं ठरवलं.

मार्लिसनं माझ्याकडे बघितलं. घाईत नाही, नीट बघितलं. मग ओपलला म्हणाली, हा वेंडेल. माझ्या ओळखीचा आहे.

आणि मीठ मागितलं.

कामाच्या ठिकाणी नाती मध्ये आणू नयेत म्हणून तसं म्हणाली असेल. व्यवसायाची शिस्त म्हणून ते बरोबरच आहे.

नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मीठ माझ्यापाशीच होतं, मीच दिलं तिला. बावीस वर्षांची ओळख आहे आमची. ती काही खोटं बोलली नाही.